पाहुण्याला वेगळं ताट की आपल्याच परातीत जागा? (डाकारचा तेरांगा आणि आमचं पुण्यातलं घर)

समुद्रपक्षी

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं सेनेगलमध्ये, डाकारला होतो. परत येऊन दोन वर्षं झाली. तिथल्या शेजारच्या घरातला धाकटा मुलगा पुढच्या महिन्यात शिकायला पुण्यात येतोय. हॉस्टेलची खोली मिळेपर्यंत दहा-बारा दिवस आमच्याकडेच राहील. त्याच्या आईला आमची मुलं 'याय' म्हणायची. वोलोफ या तिथल्या भाषेत याय म्हणजे आई.

डाकारला पोचलो त्या दिवशी सामान खोक्यात, गॅस जोडलेला नाही, मुलं भुकेनं रडकुंडीला आलेली. दुपारी दोनच्या सुमाराला यायची मुलगी दारात आली आणि माझा हात धरून चालायलाच लागली. त्यांच्या अंगणात चटई होती, चटईवर परातीएवढं मोठं पसरट भांडं आणि भोवती नऊ माणसं. आम्ही चपला काढल्या, हात धुतले. दोनतीन जण जरा सरकले आणि जागा झाली. पाहुण्यांची वेगळी ताटली नाही, 'तुम्ही आधी बसा, आम्ही मागून' नाही. टोमॅटोनं लाल झालेला भात, मधोमध मासा, भोवती गाजर, कोबी, वांगं, कसावा. जो तो आपल्या पुढ्यातलंच खातो, मधल्या माशाला हात घालत नाही. मासा मोडण्याचं काम घरच्या बाईचं. याय उजव्या हातानं काटा काढायची आणि तुकडा माझ्या पुढच्या भातावर टाकायची. संपला की दुसरा. माझ्याकडे बघतही नव्हती, तिचं बोलणं दुसरीकडेच चाललेलं. पण माझ्या पुढ्यातला कोपरा एकदाही रिकामा झाला नाही.

आभार मानायला मला तिनंच शिकवलं, 'जेरेजेफ'. त्याचं उत्तरही शिकवलं, 'न्यो को बोक'. म्हणजे हे आपल्या सगळ्यांचंच आहे.

याला ते तेरांगा म्हणतात. शब्द वोलोफ आहे, पण सेरेर असोत की पुलार बोलणारे, देशभर सगळे तो आपलाच मानतात. 'तेराल' म्हणजे मान देऊन स्वागत करणं, त्यावरून तेरांगा. आदरातिथ्य म्हटलं तर अर्थ लागतो, पण माझ्या मनाला तो शब्द पुरत नाही. आपण पाहुण्याला देव मानतो आणि देवासारखं जरा लांब, पाटावर बसवतो. त्यांनी मला पहिल्याच दिवशी घरातली करून टाकलं. मला हे जास्त मोठं वाटतं.

आता अडचण. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या, माळकरी, आणि उष्ट्याखरकट्याचं त्यांना फार. एका परातीत पाच जणांचे हात, हे त्यांच्या डोळ्यांपुढे घडवायचं का? की मुलाला वेगळं ताट वाढून 'आमच्याकडे असंच असतं' म्हणायचं? मनापासून विचारतेय.

घाटमाथा

वेगळं ताट वाढा. ताटाभोवती रांगोळी काढा, औक्षण करा. तो आपल्या घरी येतोय तर आपली पद्धत बघू दे की. आपलं सोडून त्याचंच करायला गेलात तर पुण्याला आल्यासारखं वाटेल का त्याला?

अबोली_७७

घाटमाथा यांच्याशी अर्धी सहमत. पण 'आपण पाहुण्याला लांब बसवतो' हे पटलं नाही. माझी आजी पाहुण्याचं पान वाढून समोर बसायची आणि पानावरून नजर हलवायची नाही. तूप संपलं की तूप, पोळी संपायच्या आत दुसरी गरम पोळी. ती स्वतः मागाहून जेवायची, कधीकधी उरलंसुरलं. तिच्यासाठी ती माया होती. ताट वेगळं असलं म्हणजे मन वेगळं असतं असं नाही.

समुद्रपक्षी

अबोली, अगदी मान्य. 'लांब' हा शब्द चुकला माझा. पण तुमच्या आजी मागाहून जेवायच्या, तेच माझ्या मनात होतं. याय माझ्याबरोबर जेवत होती.

खाडीपलीकडे

ताई, एका परातीत जेवायला सेनेगलला कशाला जायला हवं? आम्ही मुंबईचे बोहरा. आमच्याकडे रोजचं जेवण थाळावर. खाली गोल बैठक, तिच्यावर मोठा थाळ, भोवती सात-आठ जण. डोकं झाकलेलं हवं. घरातला एक जण चिमूटभर मीठ सगळ्यांना देतो आणि मग जेवण सुरू होतं. आपल्या पुढ्यातलंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात न्यायचा नाही, पानात टाकायचं नाही. तुमच्या यायचे नियम वाचले आणि वाटलं आमच्या नानीच बोलताहेत.

सासूबाईंना एक सांगून बघा. जो तो आपल्याच पुढ्यातलं खात असेल तर एकाचं उष्टं दुसऱ्याकडे जातच नाही. आमच्या शेजारच्या जोशीकाकूंना आईनं हेच सांगितलं होतं. काकू थाळावर बसल्या नाहीत, पण मालिदा घेऊन गेल्या.

रानवारा

गोपाळकाल्याला उष्टं कुणी बघतं का? सासूबाई माळकरी आहेत ना, मग काल्याचा प्रसाद त्यांनी हजारदा खाल्ला असेल.

डिझेलइंजिन

मी २००९ साली कामासाठी थियेसला होतो, डाकारपासून ७० किलोमीटर. तिथल्या कारखान्यात टाटाच्या मिनीबस जोडायचे. डाकारमध्ये त्या बसना आजही लोक 'टाटा'च म्हणतात. 'मी टाटानं आलो' असं कुणी म्हटलं की पिंपरीच्या माणसाला काय वाटत असेल बघा.

माझा अनुभव जेवणाचा नाही, नमस्काराचा आहे. पहिल्याच आठवड्यात दुकानात गेलो आणि आपल्या सवयीनं विचारलं, अमुक मापाचा बोल्ट आहे का? दुकानदार शांतपणे म्हणाला, 'सलाम आलेकुम.' मी उत्तर दिलं आणि पुन्हा बोल्ट विचारला. तो म्हणाला, 'नांगा देफ?' कसा आहेस? माझ्याबरोबरच्या सहकाऱ्यानं मला कोपरखळी मारली आणि पुढचं सगळं त्यानं केलं. कसा आहेस, इथंच आहे बघ. शांतता आहे ना, शांतताच आहे. घरची मंडळी कशी, तिकडं बरी आहेत. उन्हाचं काय, कामाचं काय. मग एकमेकांचं आडनाव दोनतीनदा घेतलं. हे सगळं झाल्यावर बोल्ट.

नंतर कळलं, वोलोफमध्ये आडनावाला 'सांत' म्हणतात, आणि आभार मानणं, स्तुती करणं यालाही 'सांत'च. समोरच्याचं आडनाव उच्चारलं की त्याच्या सगळ्या पूर्वजांना मान दिल्यासारखं होतं. मला तिथल्या लोकांनी जोप हे आडनाव देऊन टाकलं. तेव्हापासून प्रत्येक न्जाय आडनावाचा माणूस मला बघितल्याबरोबर म्हणायचा, 'जोप लोक फार भात खातात!' जोप आणि न्जाय यांचं पिढ्यान्‌पिढ्या असं थट्टेचं नातं आहे. अनोळखी पोलिसानंसुद्धा आडनाव ऐकून मला खादाड म्हटलंय, आणि मग दोघं हसलो.

ताई, जेवणाचं नंतर बघा. तो दारात आला की 'प्रवास कसा झाला' एवढ्यावर थांबू नका. आई, बहिणी, आजी, शेजारी, एकेकाची विचारपूस करा. त्याचं स्वागत तिथं सुरू होईल.

घाटमाथा

हे आवडलं. गावाकडे आमचे अण्णा असंच करायचे. बैल कसे, पाऊस कसा, पोरगी नांदते ना नीट. मग काम.

मधली_सुट्टी

२००२ च्या वर्ल्ड कपात सेनेगलनं पहिल्याच सामन्यात फ्रान्सला हरवलं, तेव्हा 'तेरांगाचे सिंह' हे नाव ऐकलं होतं. त्यांच्या संघाचं नावच ते. अर्थ आज कळला. सिंह आणि पाहुणचार, काय जोडी आहे!

रानवारा

'या, जेवा'ला वोलोफमध्ये काय म्हणतात?

समुद्रपक्षी

'काय लेक.' काय म्हणजे ये, लेक म्हणजे खा. दुपारी रस्त्यानं जा, जिथं कुणी जेवत असेल तिथून हाक येतेच. बांधकामावरचे मजूर, शिंपी, चौकीदार, कुणीही. माझ्या मुलाला पहिले काही दिवस वाटायचं की सगळं डाकार त्याला मराठीत 'काय, लेका?' म्हणतंय. तो 'काही नाही' असं उत्तर द्यायचा.

सडेतोड

सगळं छान छान चाललंय म्हणून एक वेगळं लिहितो. मी डाकारमध्ये एका संस्थेबरोबर वर्षभर होतो. तेरांगाची किंमत कोण देतं? सकाळी नऊला बाजार, मग खलबत्त्यात लसूण-मिरची कुटणं, माशाला चिरा देऊन त्यात वाटण भरणं, आधी मासा-भाज्या शिजवून त्या रश्शात भात. दोन वाजेपर्यंत घरातल्या बाया आणि मुली चुलीपाशी. रस्त्यावरच्या माणसाला 'काय लेक' म्हणणारा पुरुष असतो, भात वाढवून रांधणारी बाई असते.

आणि समारंभ. तेरांगा म्हणजे नुसतं जेवण नाही. सुनेनं सासरच्यांना द्यायचे पैसे, कापडं, भेटी, यालाही तेरांगाच म्हणतात. आपला मानपान आणि आहेर. बारशाला (बाळ जन्मल्यावर आठव्या दिवशी) घर कर्जात बुडालेलं मी पाहिलंय. कौटुंबिक समारंभांतली उधळपट्टी रोखायला सेनेगलनं १९६७ मध्येच कायदा केला. कायदा आहे आणि समारंभही चालू आहेत. तेव्हा पाहुणचाराचं कौतुक करताना हेही सांगा.

अबोली_७७

सडेतोड, तुमचं म्हणणं खरं आहे. माझी आजी उरलंसुरलं खायची असं मी वर मायेनं लिहिलं. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर ते वाक्य पुन्हा वाचलं आणि घशाशी आलं.

समुद्रपक्षी

मलाही मान्य. यायच्या मोठ्या मुलीनं मला एकदा सांगितलं होतं, 'पाहुणा बरकत घेऊन येतो, पण भांडी मला घासायला लागतात.' त्या घरात मग मी भाज्या चिरायला जायला लागले. पहिल्या दिवशी यायनं हातातून सुरी काढून घेतली, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी कांद्यांची टोपली माझ्यापुढं ठेवली. त्या कांद्यांचा मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही. पाहुणी असणं तिथं संपलं.

फक्त एक. देणारी याय गरीब होती तरी तिच्या देण्यात जबरदस्ती नव्हती. तिला त्यात अभिमान होता, त्यांच्या भाषेत 'जोम'. तो तिच्याकडून काढून घ्यावा असं मला वाटत नाही. कांदे मात्र सगळ्यांनी चिरावेत.

तांदूळवाला

तांदळाचं कुणी बोललंच नाही. त्या लाल भाताला, चेबू जेनला, अख्खा तांदूळ चालत नाही, कणीच लागते. फ्रेंच राजवटीत इंडोचायनातून तुकडा तांदूळ तिकडे जायला लागला, आणि लोकांच्या जिभेवर तो असा बसला की आता चांगला लांब दाणा दिला तरी नको म्हणतात. कणी रस्सा जास्त पिते. आमच्या व्यापारात सेनेगल म्हणजे कणीचं मोठं गिऱ्हाईक. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतानं तुकडा तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा तिकडून येणारे फोन मला आठवतात. आपण कणी म्हणजे पेज नाहीतर कोंबड्या एवढंच समजतो, तिथं ती पाहुण्याच्या पुढ्यात जाते. २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेली हीच ती पाककृती.

वेलीमांडव

आणि त्या भाताबरोबर अंबाडीच्या पाल्याची आंबट चटणी देतात, 'बेगेज'. आपली लाल अंबाडी, तीच! तिच्या बोंडांचं लालभडक सरबत म्हणजे बिसाप, आल्या-गेल्याला तेच देतात. दुसरं पांढरं दाट सरबत बुयचं, म्हणजे गोरखचिंचेचं. तो झाडांचा राजा तिथला राष्ट्रीय वृक्ष आहे, आपल्याकडे जुन्या बंदरांच्या आसपास एखाददुसरा दिसतो. चिंचेला वोलोफमध्ये 'दाखार' म्हणतात आणि डाकार हे नाव त्यावरूनच पडलं असं तिथले पुष्कळ लोक मानतात.

समुद्रपक्षी, सासूबाईंना अंबाडीची भाजी येत असेलच. तीच करा. मुलाला आईच्या हातचं काहीतरी ओळखीचं लागेल आणि सोवळंही मोडणार नाही.

चंद्रभागा

वाचताना सारखं वारीचं आठवत होतं. माझे यजमान सेनेगलमधल्या तूबाला मगालच्या यात्रेच्या वेळी गेले होते. शेख अहमदू बांबा यांना फ्रेंचांनी १८९५ मध्ये गॅबनला हद्दपार केलं, त्याची आठवण म्हणून दरवर्षी इस्लामी पंचांगातल्या सफर महिन्याच्या १८ तारखेला लाखो मुरीद, म्हणजे त्यांचे अनुयायी, तूबाला जमतात. त्या दिवसांत गावातलं प्रत्येक घर उघडं. हे अनोळखी, परधर्माचे, भाषा येत नाही. एका घरात शिरले, चटई मिळाली, गोश्त-भाताची परात पुढे आली, सकाळी मिरीसारख्या मसाल्याची तूबा कॉफी. पैसे द्यायला गेले तर घरमालक दुखावला. म्हणाला, तुम्ही आमच्या शेखांचे पाहुणे. आमच्या सासवडच्या आजी वारकऱ्यांना भाकरी देताना म्हणायच्या, 'मी कुठं देतेय, माउली देतेय.' यजमानांनी मला हे फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघं बराच वेळ काहीच बोललो नाही.

ताई, सासूबाईंना ही गोष्ट वाचून दाखवा. बाकी काही समजवायला लागणार नाही.

खाडीपलीकडे

चंद्रभागाताई, डोळे भरून आले.

रानवारा

वाचतोय. मुलगा आला की धागा वर काढा.

समुद्रपक्षी

धागा वर काढतेय. मुलगा आला, तेरा दिवस राहिला, परवा हॉस्टेलवर गेला. सगळं लिहिते, कारण तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचं काहीतरी कामी आलं.

दारातच डिझेलइंजिन यांचं ऐकून विचारपूस सुरू केली. याय, बहिणी, कोपऱ्यावरचा शिंपी, मेंढा. 'नू न्गा फा,' तिकडं बरे आहेत, तो म्हणत गेला आणि मेंढ्यापर्यंत पोचेतो त्याचे खांदे सैल झाले. मग तो सासूबाईंपुढं वाकला आणि त्यांना 'माम' म्हणाला. त्यांना वाटलं मॅडम म्हणतोय. दिवसभर जरा घुश्शात होत्या. 'मी काय बँकेत आहे का?' संध्याकाळी त्याला विचारलं तेव्हा कळलं, माम म्हणजे आजी. त्यानंतर त्या त्याला स्वतःच हाक मारायला लागल्या, 'अरे, मामकडे ये.'

पहिले दोन दिवस वेगळं ताट वाढलं. घाटमाथा, रांगोळीसुद्धा काढली. त्यानं नीट जेवण केलं, पण ताट घेऊन माझ्या मुलाच्या इतका जवळ सरकायचा की दोघांच्या ताटांच्या कडा एकमेकांना लागायच्या. तिसऱ्या दिवशी मी चंद्रभागाताईंचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी स्वयंपाकघरातून पितळेची परात काढून मला म्हणाल्या, 'घासून घे, चिंच लावून.'

परातीत कणीचा भात, मधे भरली वांगी, बटाटे, कोबी, एका बाजूला अंबाडी. मासा नाही. आम्ही चौघं आणि तो, जमिनीवर. सासूबाईंनी परातीतलं खाल्लं नाही. त्यांचा पाट परातीला अगदी लागून ठेवला होता, त्यांची स्वतःची ताटली मांडीवर. पण जेवण सुरू झालं आणि त्या वाकून परातीतली वांगी डावानं मोडायला लागल्या. देठ बाजूला करायच्या आणि फोड त्याच्या पुढ्यात. संपली की दुसरी. बोलत होत्या माझ्याशी, दळणाबद्दल. मी तो डाव बघत राहिले, मला याय दिसत होती. त्यानं 'सूर ना' म्हणजे पोट भरलं म्हटलं, तर त्या मराठीत म्हणाल्या, 'काहीच खाल्लं नाहीस.' त्याची आई शब्दाला शब्द हेच म्हणते.

संध्याकाळी त्यानं बॅगेतून छोटी किटली, चार इवले ग्लास आणि वळलेली चिनी हिरवी चहापत्ती काढली. गॅलरीत कोळशाची शेगडी. अतायाचे तीन फेरे, लेवेल, न्यारेल, न्येत्तेल, पहिला कडू आणि पुढचे गोड होत जाणारे. या ग्लासातून त्या ग्लासात उंचावरून ओतत फेस काढायचा, पुदिना घालायचा, दीड तास. हे बसून बोलायचं निमित्त असतं, घाई असेल तर अताया करायचाच नाही. वास घेऊन समोरचे काका आले, मग खालचे वॉचमन. वॉचमन याआधी चारदा आमच्या दारापर्यंत आले होते, आत बसले पहिल्यांदा. या गोष्टीची मला लाज वाटली आणि ती लिहायलाच हवी.

सडेतोड, परात त्यानं घासली. रोज.

निघताना त्यानं सासूबाईंपुढं डावा हात केला. त्या दचकल्या, आपल्याकडे डावा हात म्हणजे. मी सांगितलं, लांब जाताना तिकडं मुद्दाम डाव्या हातानं हात मिळवतात. चुकीचा हात दिलाय, तो सुधारायला पुन्हा भेटावंच लागतं. त्यांनी हातातली माळ उजव्या हातात घेतली आणि डावा हात पुढं केला.

अबोली_७७

मी हे आईला फोनवर वाचून दाखवलं. 'डावानं मोडायला लागल्या' इथं तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

सडेतोड

परातीबद्दल आनंद झाला. हॉस्टेल कुठं आहे? मी रविवारी मोकळा असतो, वोलोफ मोडकंतोडकं येतं अजून.

समुद्रपक्षी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पण या रविवारी तो आमच्याकडेच आहे, तुम्हीही या. या वेळी तो स्वतः रांधणार आहे, कांदे आपण चिरायचे.

तांदूळवाला

कणी कुठली वापरलीत?

समुद्रपक्षी

आंबेमोहोराची. मंडईजवळच्या दुकानातून. तो म्हणाला वास वेगळा आहे, पण रस्सा बरोबर पितेय. बुडाला खरवड धरली होती, ती खायला मुलं आणि तो भांडले.